संगणकाच्या जाळ्याचे काम कसे शिकावे?

मंडळी, गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पिंपळनेरच्या बसस्थानकावर आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. खांद्याला पिशवी आणि पिशवीत प्रमाणपत्रांची फाईल. पुण्याहून परत आला होता. संगणकाच्या नेटवर्किंगचा एक वर्ग त्याने तिथे पुरा केला होता आणि वडिलांनी कांद्याचे आलेले पैसे त्याच्या फीला घातले होते. चेहरा उतरलेला पाहून मी विचारले तेव्हा म्हणाला, "सर, चार ठिकाणी मुलाखत दिली. चारी ठिकाणी एकच प्रश्न, अनुभव किती? आता नोकरी दिल्याशिवाय अनुभव येणार कुठून आणि अनुभवाशिवाय नोकरी देणार कोण?"

मी त्याला उलट विचारले, "बाबा रे, आजवर स्वतःच्या हाताने तू केबलीची किती टोके बांधलीस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वर्गात एकदा सरांनी करून दाखवलं होतं."

या दोन वाक्यांच्या मधेच आजचा विषय आहे. अनुभव हा नोकरी लागल्यावर मिळावयाचा पदार्थ आहे अशी आपली समजूत असते. निदान या धंद्यापुरती तरी ती खरी नाही. इथे अनुभव नोकरीच्या आधी मिळवता येतो, थोड्या पैशांत मिळवता येतो, आणि पुष्कळसा तर आपल्या गावातच पडून आहे. तो कुठे पडला आहे आणि कसा उचलावयाचा, एवढेच आज सांगणार आहे.

प्रथम जाळे म्हणजे काय ते पाहू. पांझरेच्या काठच्या माणसांना ते समजावून सांगणे कठीण नाही. आपल्याकडे काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा घालावयाचा, बंधाऱ्यातून पाट काढावयाचा, पाटातून चाऱ्या फोडावयाच्या आणि चाऱ्यांतून पाणी फडात न्यावयाचे. कोणत्या फडाला पाणी केव्हा द्यावयाचे हे ठरलेले असे. ते पाहावयाला हवालदार, पाटावर पाटकरी, शेताशेतांत पाणी फिरवणारा बारेकरी आणि राखणीला जागल्या, अशी माणसेही नेमलेली असत.

संगणकाचे जाळे असेच आहे. दुरून आलेली मोठी केबल म्हणजे पाट. गावातल्या, शाळेतल्या, कचेरीतल्या लहान केबली म्हणजे चाऱ्या. जिथे पाट फुटून चाऱ्या होतात तिथे एक यंत्र बसवलेले असते, त्याला राऊटर म्हणतात. एका खोलीतले आठ-दहा संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला स्विच म्हणतात. फरक एवढाच की पाण्याला पत्ता नसतो. इथे मात्र माहितीचे लहान लहान तुकडे केलेले असतात आणि टपालातल्या पत्राप्रमाणे प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. राऊटर तो पत्ता वाचतो आणि तुकडा पुढच्या वाटेला लावतो. पत्ता आकड्यांचा असतो. जुन्या आणि आजही सर्रास चालणाऱ्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. जगाला ते पुरेनात, म्हणून घरातल्या आणि कचेरीतल्या आतल्या वापरासाठी काही पत्ते राखून ठेवले आहेत. तुमच्या घरच्या राऊटरवर १९२.१६८ असा आरंभ असलेला आकडा दिसतो, तो त्यांपैकीच.

आता पाटकऱ्याकडे वळू. शेपटाकडच्या शेतात पाणी आले नाही तर पाटकरी घरी बसून विचार करीत नसे. तो पाटावरून चालू लागे. इथे पाणी आहे का? आहे. पुढच्या बाऱ्याला आहे का? नाही. मग बिघाड या दोहोंच्या मधे. कुठे उंदराने बीळ केलेले असेल, कुठे काठ खचला असेल, कुठे एखाद्याने रात्री गुपचूप बारे फोडले असेल! लहानपणी मी एका म्हाताऱ्या पाटकऱ्याला विचारले होते की, बाबा, हे तुम्हाला कळते कसे? ते अहिराणीत म्हणाले, "पाटवर चाल, मंग तुले समजी." जाळ्याचे काम करणाऱ्या माणसाची सारी विद्या या पाच शब्दांत आली आहे, असे मला आज वाटते.

तुम्ही म्हणाल, पाटकऱ्याचे ठीक आहे, पण आमच्या खेड्यात ही जाळी आहेत कुठे? जरा आजूबाजूला पाहा. बँकेची शाखा जाळ्यावर चालते. रेशन दुकानात अंगठा घेणारे यंत्र जाळ्याशिवाय मुके. आधार क्रमांकाची सुरुवातच आपल्या खानदेशात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले क्रमांक दिले गेले. पण अंगठा जुळतो की नाही हे सांगणारा संगणक दूर असतो आणि त्याच्यापर्यंत वाट नसेल तर धान्य घ्यायला आलेली म्हातारी दारात ताटकळत बसते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरताना आपण पाहतो, शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे. अशा ठिकाणीही यंत्रांची खबर केबलीतूनच नियंत्रण-कक्षात पोचत असते.

शिवाय ग्रामपंचायतीत आलेली काचेची तार आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातील ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. तार गावात पोचणे ही एक गोष्ट आणि ती रोज चालू राहणे ही दुसरी. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तुटते, उंदीर कुरतडतात, वीज गेली की पेटी बंद पडते. तार एकाच ओळीने गावोगाव गेली असेल तर एका जागी तुटल्यावर पुढची सगळी गावे अंधारात, अगदी पाट फुटल्यावर होते तसे. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये जी सुधारित योजना मंजूर झाली तीत तालुक्यापासून ग्रामपंचायतींपर्यंतचे जाळे कड्यासारखे करण्याचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने वाट राहावी. या योजनेला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या मोठ्या कामात शेवटी गावातल्या पेटीपाशी उभे राहून बिघाड शोधणारा माणूस लागणारच. तो जिल्ह्याच्या गावाहून यावयाचा म्हटले तर दोन-दोन दिवस जातात. गाव दुरुस्तीची वाट पाहते आणि त्याच गावातला मुलगा अनुभवाची वाट पाहतो! या दोघांची गाठ घालून देणे, हेच खरे काम आहे.

असे कुणी करून पाहिले आहे का? पाहिले आहे. मुंबईच्या आय. आय. टी.ने पालघर जिल्ह्यात 'ग्राममार्ग' नावाचा प्रयोग केला. दूरदर्शनच्या वापरात नसलेल्या लहरींवरून काही गावांत इंटरनेट नेले आणि पंचायतीने व गावातल्याच तरुणाने ते सांभाळावे, त्यातून त्याला चार पैसे मिळावेत अशी व्यवस्था कल्पिली. २०१७ मध्ये मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत त्या प्रयोगाला पहिले बक्षीस मिळाले. हिमाचलात धर्मशाळेला एअरजलदी नावाची संस्था डोंगराळ भागातल्या स्थानिक मुला-मुलींना हेच काम शिकवीत आली आहे. खेड्यातल्या हातांना हे जमत नाही, असे म्हणावयास जागा उरलेली नाही.

आता थोडे माझ्याविषयी सांगतो, म्हणजे हा उपदेश नुसता पुस्तकी नाही हे कळेल. मी भूगोलाचा एम. ए. संगणकाशी माझा संबंध आला तो केवळ दुसरे कुणी तयार नव्हते म्हणून. महाविद्यालयात संगणक-कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आली आणि मी पुस्तके आणून नेटाने वाचू लागलो. एके दिवशी टेबलावर केबलीचे एक मोकळे टोक लोंबत होते. निटनेटकेपणा म्हणून मी ते स्विचमध्ये खोचून दिले. मिनिटभरात कक्षातले सोळाच्या सोळा संगणक बंद पडल्यासारखे झाले. स्विचवरचे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकू लागले. मी यंत्रे बंद केली, पुन्हा चालू केली, पुस्तक उघडले, धुळ्याला फोन लावला. काही उपयोग नाही. तेवढ्यात दुसऱ्या वर्षातला एक मुलगा पुढे आला. हा सुट्टीत मामाबरोबर टी. व्ही.च्या केबली ओढायला जात असे. त्याने स्विचमधल्या वायरी एकेक काढायला सुरुवात केली. सहावी वायर काढताच दिवे शांत झाले. "सर, एकच वायर दोन्ही टोकांनी याच पेटीत लावली होती," तो म्हणाला.

झाले होते असे की सगळ्यांना उद्देशून निघालेला संदेश त्या वायरीतून गोल फिरून पुन्हा त्याच पेटीत येई आणि पेटी तो पुन्हा सगळ्यांना पाठवी. पाटाचे शेपूट पाटाच्याच तोंडात सोडावे तसा प्रकार! अशी वेटोळी ओळखून बंद करण्याची युक्ती रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ मध्ये शोधून काढली आणि चांगल्या स्विचमध्ये ती असते. आमचा स्विच साधा होता. गंमत अशी की त्याच आठवड्यात मी या बिघाडाविषयी पुस्तकात वाचले होते. मला व्याख्या पाठ होती, त्या मुलाला वायर काढून पाहण्याची सवय होती. त्या दिवसापासून मी त्याचा विद्यार्थी झालो.

तर हाताने शिकावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? पायऱ्या सांगतो. एकेक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली पायरी केबलीची. दहा-पंधरा मीटर साधी नेटवर्क केबल, टोकाला लावावयाचे प्लास्टिकचे कनेक्टर, ते दाबून बसवण्याचा चिमटा आणि एक टेस्टर, एवढे साहित्य काही शे रुपयांत मिळते. चार मित्रांनी मिळून घेतले तर भार वाटत नाही. केबलीत आठ तारा असतात, दोन दोन एकमेकींभोवती पिळलेल्या. हा पीळ उगाच नसतो. एकीतला संदेश दुसरीत घुसू नये म्हणून तो असतो, म्हणून टोकापाशी अर्ध्या इंचाहून अधिक तो उसवू नये. नेहमीच्या पद्धतीत रंगांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. पहिली पाच टोके बिघडतील. बिघडू द्या, कापून टाका, पुन्हा बांधा. वीस टोके बांधून झाली की बोटांनाच क्रम पाठ होतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशी केबल १०० मीटरपेक्षा लांब चालवू नये. पंचायतीतून शाळेपर्यंत दीडशे मीटर केबल टाकून 'चालत का नाही' म्हणून कपाळाला हात लावणारी माणसे असतात.

दुसरी पायरी दोन संगणकांची. जुने, कुणी टाकून दिलेले, कसेही चालतील. ते केबलीने जोडावयाचे, दोघांना हाताने पत्ते द्यावयाचे आणि एकावरून दुसऱ्याला हाक मारावयाची. या हाकेच्या आज्ञेला पिंग म्हणतात. १९८३ च्या डिसेंबरात माइक मूस या अमेरिकन माणसाने ती लिहिली. पाणबुडीचा शोध घेताना पाण्यात सोडलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी येतो, त्यावरून हे नाव पडले. समोरून उत्तर आले तर वाट मोकळी आहे. न आले तर मधे काहीतरी अडले आहे, किंवा समोरच्याने मुद्दाम तोंड मिटले आहे. काही संगणकांचा पहारेकरी अशा हाकांना उत्तर देऊ देत नाही.

या पिंगच्या आधारे पाटावर चालावयाचे कसे ते पाहा. इंटरनेट बंद आहे अशी तक्रार आली. प्रथम संगणकाने स्वतःलाच हाक मारावयाची, पत्ता १२७.०.०.१. उत्तर आले तर त्याची स्वतःची यंत्रणा ठीक. मग राऊटरला हाक मारा, बहुधा १९२.१६८.१.१. इथे उत्तर नाही? मग केबल, स्विच किंवा वायफाय पाहा. उत्तर आहे? मग बाहेरच्या एखाद्या ठाऊक पत्त्याला हाक मारा, उदाहरणार्थ ८.८.८.८. इथे अडले तर बिघाड राऊटरच्या पलीकडे, म्हणजे गावाच्या तारेत किंवा सेवा देणाऱ्याकडे. तेही चालते, पण नाव टाकून संकेतस्थळ उघडत नाही? मग नावावरून पत्ता शोधून देणारी सोय बिघडली आहे. चार हाकांत बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे समजते. आणि हे शिकण्याची उत्तम रीत कोणती, तर एका मित्राने मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवावे, दुसऱ्याने शोधावे, मग पाळी बदलावी.

मोडल्याशिवाय शिकता येत नाही याला मोठा दाखला आहे. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या जाळ्यावर पहिला संदेश गेला तो २९ ऑक्टोबर १९६९ रोजी, अमेरिकेतल्या लॉस एंजल्सच्या विद्यापीठातून. तो पाठवणारा चार्ली क्लाईन हा विद्यार्थीच होता. 'लॉगिन' हा शब्द टाकावयाचा होता. पहिली दोन अक्षरे गेली आणि पलीकडचा संगणक कोसळला! तासाभराने दुरुस्त करून त्यांनी पुन्हा पाठवले. जगातल्या पहिल्या संदेशाची ही कथा, तिथे तुमचा-आमचा पहिला प्रयत्न फसला तर वाईट काय वाटावयाचे?

तिसरी पायरी जुन्या राऊटरची. घरात अडगळीत पडलेला राऊटर घ्या, मागची बारीक कळ दाबून त्याला कोरा करा आणि आरंभापासून मांडा. नाव, परवलीचा शब्द, पत्ते वाटण्याची मर्यादा, सगळे स्वतः ठरवा. वायफायच्या जुन्या पट्ट्यात तेरा वाहिन्या दिसतात, परंतु एकमेकींच्या अंगावर न येणाऱ्या तीनच धरतात: १, ६ आणि ११. शेजाऱ्याची ६ असेल तर आपण १ किंवा ११ घ्यावी.

चौथी पायरी कागदावरच्या, नव्हे, पडद्यावरच्या जाळ्याची. सिस्को कंपनीची शिकवण्याची योजना १९९७ पासून चालू आहे. तिचे पॅकेट ट्रेसर नावाचे साधन नाव नोंदवल्यावर फुकट मिळते. त्यात वीस राऊटर आणि पन्नास संगणक पडद्यावर मांडून जोडता येतात, मोडता येतात, आणि एक पैसाही जळत नाही. मोठी यंत्रे आपल्याला कुणी हाताळू देणार नाही, तेव्हा हे साधन म्हणजे मोठाच आधार आहे. मात्र ते शिडीवर चढावयास, पावसात पेटी उघडावयास किंवा त्रासलेल्या माणसाशी गोड बोलावयास शिकवीत नाही.

म्हणून पाचवी पायरी, जाणत्या माणसाच्या मागे चालण्याची. आपल्या भागात इंटरनेटच्या जोडण्या देणारा कुणीतरी व्यावसायिक असतोच. त्याच्याकडे जा आणि म्हणा, "दादा, महिनाभर तुमच्याबरोबर फिरू द्या, वायरीची वेटोळी मी उचलीन." पहिले आठ दिवस खरोखर वेटोळीच उचलावी लागतील. पण डोळे उघडे ठेवा. काचेची तार केसाहून थोडी जाड, आणि त्यातली प्रकाशाची वाट ९ मायक्रॉन. तुटलेली दोन टोके यंत्राने वितळवून कशी सांधतात ते पाहा. प्रकाश किती पोचतो ते मोजण्याचे मीटर असते. घरातल्या पेटीपाशी ते साधारण उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान दाखवावयास हवे. आकडा तीनने खाली गेला की प्रकाश निम्मा झाला असे समजावयाचे. काल उणे २१ होता, आज उणे २७ आहे, म्हणजे चौथा हिस्साच प्रकाश उरला. मग कुठेतरी तार दुमडली असेल किंवा सांधा सुटत असेल. असे आकडे पाहून कारण सांगता येऊ लागले की तुम्ही हमाल राहिला नाही, कारागीर झालात.

इथे तीन पथ्ये सांगितलीच पाहिजेत. विजेच्या खांबाला हात लावावयाचा नाही, कुणी कितीही सांगितले तरी. काचेच्या तारेच्या उघड्या टोकात डोकावून पाहावयाचे नाही. तिच्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो, आणि तिचे तुकडे कातडीत घुसले तर निघता निघत नाहीत. तिसरे, दुसऱ्याच्या जाळ्यात परवानगीवाचून शिरावयाचे नाही. गंमत म्हणून शेजाऱ्याचा परवलीचा शब्द फोडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे गुन्हा ठरू शकतो. जो माणूस उद्या लोकांच्या जाळ्यांची किल्ली हातात घेणार, त्याचे नाव आज स्वच्छ हवे.

ज्यांना रीतसर वाट हवी त्यांच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणकाची यंत्रसामग्री आणि जाळे यांच्या देखभालीचे अभ्यासक्रम असतात. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. त्याखाली कारखान्यांत आणि कचेऱ्यांत विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. जवळच्या कोणत्या संस्थेत कोणता अभ्यासक्रम आणि यंदा कोणती योजना चालू आहे, हे धुळ्याच्या जिल्हा कौशल्य विकास केंद्रात स्वतः जाऊन विचारावे. मोठ्या कंपन्यांच्या परीक्षाही आहेत, पण त्यांची फी हजारो रुपयांत जाते. माझे मत असे की त्या शेवटी द्याव्यात. हाताला काम आले की परीक्षेचा अभ्यास निम्म्या वेळात होतो. आधी परीक्षा आणि मग हात, हा क्रम महाग पडतो.

आता सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाची वस्तू सांगतो. ती म्हणजे शंभर पानी वही. प्रत्येक बिघाड तीत लिहावयाचा. कसा, ते नमुन्यादाखल पाहा: "१२ जुलै. शाळेचा संगणक-कक्ष. तक्रार: चौथ्या संगणकावर इंटरनेट नाही. तपासले: स्वतःला हाक, उत्तर आले. राऊटरला हाक, उत्तर नाही. टेस्टर लावला, तिसरा दिवा लागत नाही. कारण: टोकातली तिसरी तार नीट दबली नव्हती. उपाय: टोक कापून नवे बांधले. वेळ: ४० मिनिटे. चूक: टेस्टर आधी लावला असता तर १० मिनिटांत झाले असते." यातली शेवटची ओळ कधी गाळू नका. मुलाखतीला गेल्यावर 'अनुभव किती' असे विचारतील तेव्हा ही वही पुढे ठेवा. विचारणाऱ्याला वर्षांच्या आकड्यापेक्षा हा माणूस बिघाडापुढे उभा राहिल्यावर काय करतो हे जाणून घ्यावयाचे असते. प्रमाणपत्र सगळ्यांचे सारखे दिसते. दोन माणसांच्या वह्या कधी सारख्या नसतात.

शिक्षक बंधु-भगिनींनो, आता तुम्हाला एक विनंती. पुष्कळ शाळांत संगणक-कक्ष कुलपात असतो. यंत्र बिघडेल म्हणून मुलांना हात लावू देत नाहीत आणि हात लागत नाही म्हणून ते धुळीने बिघडते! शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास तो उघडा. एक निकामी संगणक आणि एक जुना राऊटर 'मोडायला' म्हणून निराळा ठेवा. गावातल्या दोन होतकरू मुला-मुलींना मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने कक्षाच्या देखभालीत मदतीला घ्या. मुलींना आवर्जून बोलवा. आमच्या कक्षात नीट टोक बांधण्यात मुलींचा हात धरणारे कुणी नाही. काम चांगले केले तर शाळेच्या कागदावर चार ओळींचा दाखला द्या: इतके महिने, इतके संगणक, अमुक काम. शाळेचे काम होते आणि मुलाच्या फाईलमध्ये पहिला खरा कागद पडतो.

आणि आईबापांनाही सांगावेसे वाटते. मुलाच्या वर्गाची फी भरण्याआधी तिथे जाऊन दोनच गोष्टी विचारा. माझ्या मुलाच्या हातात रोज किती वेळ यंत्र असेल? आणि शिकून गेलेल्या मुलाशी मला बोलता येईल का? या दोहोंचे सरळ उत्तर न मिळाले तर कांद्याचे पैसे घरातच राहू द्या.

बसस्थानकावर भेटलेल्या त्या मुलाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्याला लगेच नोकरी लागली असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. तो पावसाळाभर एका जोडणीवाल्याबरोबर फिरला. भिजला, दोनदा चिडून घरी बसला, पुन्हा गेला. दिवाळीत भेटायला आला तेव्हा फाईल नव्हती. त्याने वही पुढे केली. तीत सत्तावीस बिघाड होते, त्यांतले चार त्याला सापडले नव्हते आणि तसे त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते. आम्ही दोघे त्या चारांवरच तासभर बोलत बसलो. जाताना म्हणाला, "सर, पुढच्या महिन्यात पुन्हा मुलाखत आहे. आता भीती वाटत नाही."

मंडळी, ज्याला हे काम शिकावयाचे आहे त्याने उद्या एवढेच करावे. एक वही घ्यावी, ग्रामपंचायतीत जाऊन तिथली पेटी चालू आहे की बंद हे विचारून पाहावे, आणि त्या दिवसाची तारीख घालून पहिली नोंद करावी.